हिलाल वायरमनची रीतसर लाइन

आमचे दाजी हिलाल वायरमन सरळपणासाठी अख्ख्या जळगावात ओळखले जात, आणि मला त्या सरळपणाचा मनस्वी राग यायचा. माझी थोरली बहीण धुरपदाक्का त्यांना दिलेली. गावभर दिवे लावणाऱ्या या माणसाच्या घरात माझी बहीण कापसाच्या पऱ्हाट्यांच्या धुरात भाकरी थापायची.

छप्पन्न साली तिचे डोळे बिघडले. डॉक्टर म्हणाले, "धूर बंद करा, नाहीतर नजर जाईल." स्टोव्हचा तिनं धसकाच घेतला होता; शेजारची सून भडका उडून गेली होती. त्याच सुमारास, दाजी ज्यांच्या वाड्यात विजेची कामं करत त्या मिश्रीलाल शेटजींनी हौसेनं मुंबईहून आणलेली विजेची शेगडी दाजींना देऊन टाकली. वर दोन लोखंडी चकत्या, खाली ओव्हन. शेटजींच्या आईनं तिच्यावरचं अन्न तोंडात घालायला साफ नकार दिला होता.

मी तेव्हा अक्काकडेच राहायला होतो. शेगडी आमच्याकडे आली आणि कोपऱ्यात बसून राहिली. घरात एका दिव्यापुरती बारीक वायर; एवढा भार टाकला तर ती भिंतीतच जळायची. शेगडीला जाड वायर हवी, वेगळा मेनस्विच, वेगळा फ्यूज, मीठ-कोळसा घालून जमिनीत पुरलेलं अर्थिंग हवं. वर वीज कंपनीची मंजुरी, आणि मंजुरीसाठी घरमालकाची संमती. मालक शालिग्रामनाना आज-उद्या करत होते.

मी म्हणालो, "दाजी, खांब दारपुढेच शे. आकडा टाका. तुम्हले कोन धरी?"

"लोटन बी असंच म्हने," दाजी म्हणाले. लोटन त्यांचा कामावरचा जोडीदार. एका गिरणीत घाईनं ओढलेल्या लाइनीला तो दाजींच्या डोळ्यांदेखत चिकटून मेला होता. पण बहीण माझी होती.

संमतीला वर्ष गेलं, मंजुरीला त्याहून जास्त. दाजी सायकलवरून खेटे घालत राहिले, अक्का चूल फुंकत राहिली. ती चूल आपण फुंकावी हे मात्र त्यांना सुचलं नाही, आणि मलाही नाही. मंजुरी आली तेव्हा अक्काला फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळत होता.

तरी दाजींनी लाइन ओढली. तपासनीस येऊन पाहून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का भाकरी टाकायला गेली आणि चकती कुठे आहे हे चाचपताना तिनं तापल्या लोखंडावर तळहात टेकवला. हाताची सालटी निघाली. दाजींनी धावत जाऊन स्विच बंद केला. मी चिडून लाइनीत चूक शोधत होतो. एकही सापडली नाही.

"चुल्हा मनासंगे बोलस," अक्का म्हणाली. "हाई मुकी शे. पेटेल शे का इझेल, माले कशे समजी?"

दाजींनी फ्यूज काढून खिशात टाकला. मग तिच्या हाताला लोणी लावत, मान खाली घालून त्यांनी विचारलं, "मी आकडा टाकता तं तुना डोया वाचता का वं?"

"नही. त्या तवयच गयथात."

डोळे तेव्हाच गेले होते, हे खोटं होतं. शेगडी घरात आली त्या दिवाळीत तिनं माझ्या सदऱ्याला बटण लावून दिलं होतं, सुईत दोरा स्वतः ओवून. दाजी माझ्याकडे बघत होते. राग मला होताच, आजही आहे, पण मी मान हलवली आणि म्हणालो, "हा दाजी, तवयच."