शंभर टक्क्यांची भिंत

आमच्या गावच्या सरकारी हायस्कूलच्या व्हरांड्यात एक भिंत आहे. दरवर्षी दहावीत पहिल्या तीन आलेल्यांची नावं तिच्यावर रंगवतात. त्यातल्या एका वर्षाखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'निकाल शंभर टक्के'. तेव्हा मुख्याध्यापक मी होतो. गावानं शाल-नारळ दिला, बैलबंडीतून मिरवलं, आणि बंडीत बसून मीही हात हलवले. त्या शंभराची खरी हकीकत आता सांगून टाकतो.

त्या वर्षी दहावीत एक मुलगी होती. रोवणीच्या दिवसांत ती सकाळी आईबरोबर भाताच्या बांधीत धान लावायची आणि दुपारी माझ्या बीजगणिताच्या तासाला निवांत झोपायची. उठवलं की म्हणायची, "सर, तुमचा आवाजच लय गोड हाय."

चाचणीत ती गणितात नापास झाली आणि मला घाम फुटला. पट आधीच घसरत होता. निकालही पडला तर उरलेली पोरं जवळच्या साकोलीची शाळा धरतील, ही धास्ती. मग मी कितीतरी शाळा गुपचूप करतात तेच केलं. तिच्या बापाला बोलावून म्हणालो, "दाखला काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून परीक्षेला बसू द्या. घरी अभ्यास चांगला होतो." बाहेरून बसलेली पोर नापास झाली तर शाळेच्या निकालाला डाग लागत नाही, हे मात्र बोललो नाही.

"सर म्हणते तं बरोबरच असन," बाप म्हणाला.

ती बाहेरून बसली आणि पास झाली. भिंतीवरच्या तिसऱ्या नावापेक्षाही तिला जास्त गुण होते. म्हणजे वर्गात राहिली असती तरी निकाल शंभरच लागला असता! ती पेढे घेऊन माझ्या घरी आली. तो पेढा मी तसाच ताटलीत ठेवला.

आज तीच मुलगी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. मागच्या महिन्यात तिनं भिंत नव्यानं रंगवायला काढली, तेव्हा तिच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं, आणि त्या वर्षाखाली तिचं नाव यायला हवं असंही.

ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"म्हणजे झोपत होती म्हणून नाही काढलं मले?"

"नाही."

"अन् मी पोरीले रोज सांगून राहिली, वर्गात झोपशील तं शाळेतून काढते!"

मला हसू आलं, पण ती हसली नाही. तिनं सुपातला कोंडा उडवला. मग म्हणाली, "नाव लिवायचं तं तुमीच लिवा. पेंटरच्या हातानं नाही पाह्यजे."

म्हणून या वयात मी बाकावर चढलो. बाक तिनं धरला होता.

"हलू नका सर. पडले तं माह्यावर येईन."

तिसऱ्या जागी तिचं नाव लिहिलं, जुन्या तिसऱ्याला चौथा केला. ओळ चढणीला लागली.

"तिरपं होऊन राहिलं, सर. आमची ओळ अशी झाली तं छडी मारत होते तुमी."

"पुसू का?"

"आता पुसान तं मीच छडी काढीन."

पेंटरनं विचारलं, खालचं 'शंभर टक्के' ठेवायचं का? तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"लिव," ती त्याला म्हणाली. "पण तिरपं लिव. नाही तं सरची ओळ उठून दिसन."