आग, पाणी आणि मधला पत्रा

ताईच्या गॅरेजमध्ये धाकट्या भावाची टॅक्सी इंजिन उघडून उभी होती. त्याचं घर त्याच टॅक्सीवर चालायचं, त्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"रेडिएटरमधलं पाणी रोज कमी व्हायचं, आणि तू मुकाट्याने ओतत होतास?"

"मला वाटलं, उन्हाळा आहे, तिलाही तहान लागत असेल."

"धन्य आहेस! इंजिनात जात होतं ते. पांढरा धूर उगाच येत होता का?"

तिने जुनं हेड गॅस्केट त्याच्या हातात ठेवलं. पुठ्ठ्याइतका पातळ पत्रा, त्याला भोकंच भोकं. मोठ्या भोकांत आग, शेजारून पाणी, बारक्यांतून तेल, आणि मध्ये जेमतेम बोटभर अंतर. एके ठिकाणी कड जळून नखाएवढी फट पडली होती. आपण प्रवाशांशी गप्पा मारत होतो, तेव्हा पुढ्यात हे सगळं एवढ्याशा पत्र्याने आवरून धरलं होतं! तो बघतच राहिला.

आता भीती हेडची, म्हणजे या पत्र्यावर बसणाऱ्या इंजिनाच्या जड झाकणाची होती. तापून ते फार वाकलं असेल, तर टॅक्सी भंगारात. ताईने त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि मागून बॅटरी मारली. पट्टीखालून उजेडाची रेघही आली नाही.

"वाचलास."

नवं गॅस्केट आणि त्यावर हेड बसवून ती मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला एकेक बोल्ट थोडा थोडा आवळत गेली.

"कडेचे आधी पक्के कर ना गं."

"मग मधे फुगेल. चादर घालताना हात मधून बाहेर फिरवतात, तसं हे."

इंजिन सुरू झालं. धूर नव्हता.

"जा आता, गिऱ्हाईक बघ."

"थांब गं, जरा ऐकू दे," तो म्हणाला. बॉनेट त्याने उघडंच ठेवलं होतं.