माहूरला न पोचलेले आजोबा

आमच्या घराण्यात एक संन्यासी होऊन गेले, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते माझ्या वडिलांचे काका. ऐन तारुण्यात संसाराचा वीट आला, हदगावहून माहूरच्या डोंगरावर गेले आणि परत आलेच नाहीत. घरात कुणाचंही लग्न निघालं की पत्रिकेत 'कृपाशीर्वाद' म्हणून पहिलं नाव त्यांचं.

माझ्या परदेशातल्या मुलीने डीएनए तपासणीची डबी नांदेडला आणून दिली. नळीत थुंकायचं होतं. वडील निवृत्त मास्तर, वय ब्याऐंशी. म्हणाले, "जन्मभर पोरांना थुंकू नका म्हणून सांगितलं, आता मलाच थुंकायला लावता?" शेवटी समोर चिंच धरावी लागली, तेव्हा कुठे नळी भरली.

काही आठवड्यांनी निकाल आला. लातूरची एक बाई वडिलांची चुलत बहीण असण्याची दाट शक्यता होती.

"लातूरला आपलं कोणी न्हाई," वडील म्हणाले. "मशीन चुकलं."

त्या बाईंची तपासणी त्यांच्या नातवाने हौसेने केली होती. मी त्याला निरोप पाठवला. त्याने कळवलं, त्याचे पणजोबा, म्हणजे त्या बाईंचे वडील, मूळचे हदगावकडचे, पण घरचं कोणी उरलं नाही एवढंच सांगायचे.

वडिलांना काका एकच. संशय थेट संन्याशावर गेला.

मी एका जुन्या वाचनालयात त्या काळच्या साप्ताहिकांचे गठ्ठे उघडून बसले. चौथ्या दिवशी, बी-बियाणांच्या जाहिरातीखाली, माझ्या पणजोबांनी दिलेली सूचना सापडली. मुलगा लग्नाच्या आदल्या दिवशी घरातून निघून गेला आहे. उजव्या भुवईत खोक. वर्ण सावळा, सध्या हळदीमुळे पिवळा. कोणी रागावणार नाही, परत यावे.

मी मोबाइलवर काढून आणलेला सूचनेचा फोटो वडिलांनी मोठा करून तीनदा वाचला. संध्याकाळी जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "चल लातूरला."

दार त्या बाईंनीच, म्हणजे नात्याने माझ्या आत्यांनी, उघडलं. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो, उजव्या भुवईत खोक. वडील फोटोसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आम्ही यांना साधू समजत होतो."

"साधू?" आत्या हसायला लागल्या. "आंब्याच्या दिवसांत रोज दोन वाट्या आमरस लागायचा त्यांना. त्यांना घोड्याचं लई भ्याव होतं. वरातीला घोडा ठरला म्हणून पळाले. आईशी लग्न केलं तेव्हा मांडवात पायी गेले."

"मग घरी का नाही आले?" मी विचारलं.

"लाज वाटायची म्हणे. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. शेवटी घरचं कोणी न्हाई असं सांगणंच सोपं पडलं त्यांना."

वडिलांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग त्यांनाही हसू फुटलं. "आणि आम्ही सगळ्या पत्रिकांवर त्यांचा आशीर्वाद छापत बसलो."

"छापा की पुढंही," आत्या म्हणाल्या. "आशीर्वाद द्यायला घोड्यावर कुठं बसावं लागतं?"

जेवण झालं. निघताना आत्यांनी वडिलांना ओवाळलं. बसस्टँडजवळ आल्यावर वडिलांनी रिक्षा थांबवली. बहिणीने ओवाळलं आणि आपण रिकाम्या हाताने निघालो, हे त्यांना सहन होईना. साड्यांच्या दुकानात त्यांनी चांगला तासभर घालवला.

"ताईंना कोणता रंग आवडतो?" दुकानदाराने विचारलं.

"ते अजून विचारायचं हाय," वडील म्हणाले. "सकाळीच ओळख झाली."