दारावरची चादर

आमच्या हॉलमध्ये मोकळी म्हणावी अशी एकच भिंत आहे आणि तिच्यातच बाहेरचं दार आहे. एकीकडे कपाट, एकीकडे देव्हारा आणि टीव्ही, समोर स्वयंपाकघर. म्हणून मुलीच्या दुसऱ्या इंटरव्ह्यूसाठी आम्ही त्या दारावरच चादर टांगली. निळी, साधी. केबिन रोडच्या बाजारातून मुद्दाम आणली, कारण आमच्याकडच्या सगळ्या फुलाफुलांच्या होत्या आणि मुलगी म्हणाली, मागे फुलं नकोत.

पहिला इंटरव्ह्यू माझ्यामुळे गेला, असं घरात कुणी उघड म्हणत नाही. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले होते. कपाटाच्या कडेनं गेले, कप ठेवला, वळले. लॅपटॉपमधल्या माणसानं माझ्या बांगड्या ऐकल्या. खोलीत कोण आहे, लॅपटॉप फिरवून दाखवा, म्हणाला. मुलीनं फिरवला. मी कपाटाला चिकटून उभी, गाऊनवरची ओढणी तोंडाशी धरलेली. त्यानंतर एक-दोन प्रश्न झाले आणि तो थँक्यू म्हणाला. त्याला वाटलं, मी मागून उत्तरं सांगतेय.

संध्याकाळी ह्यांनी ऐकलं आणि हसत सुटले. "अगं, चौथीतून घरी बसवलेली तू, आणि त्यानं तुला इंजिनिअर समजलं!" मुलगीपण हसली. मग बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली.

हे हसले खरे, पण त्याच आठवड्यात एका शेठशी बोलून आले. त्याच्या इमिटेशन दागिन्यांच्या दुकानात बिलं करायला मुलगी हवी होती. "आणखी एक इंटरव्ह्यू दे. नाही झालं तर एक तारखेपासून दुकानात जा. किती दिवस लॅपटॉप उघडून बसणार?" मुलगी हो म्हणाली. आमच्या घरात हो म्हणायला वेळ लागत नाही. मीही कधी लावला नाही.

मग रोज तयारी. हे कामावर गेले की चादर सोडायची, पंखा बंद करायचा. तिची मैत्रीण लॅपटॉपवर येऊन साहेबासारखे प्रश्न विचारायची आणि मी स्वयंपाकघरात, पडद्याच्या आत. बांगड्यांवर रुमाल बांधलेला. कुकर नाही, आणि फोडणीनं तिला ठसका लागायचा म्हणून फोडणीही नाही. बाथरूमला जायचं तर हॉलमधूनच, म्हणून मी पाणीच कमी प्यायची. खिडकीला ग्रिल, आणि ग्रिलच्या पलीकडे दुसऱ्या बिल्डिंगचं ग्रिल. ओट्याला टेकून पाटावर बसायचं आणि ऐकायचं. तीच उत्तरं मी रोज ऐकायची. स्वतःबद्दल सांगायचं असायचं तेव्हा ती इतकी भरभर बोलायची की कुणीतरी मागे लागलंय असं वाटावं.

एकदा मी म्हटलं, "मध्ये श्वास घे गं."

"आई, तू काही सांगू नकोस. परत म्हणतील, आईनं शिकवलं." तिनं हे हसत म्हटलं. मी बांगड्यांवरचा रुमाल आणखी घट्ट बांधला.

खऱ्या इंटरव्ह्यूच्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. ती बोलायला लागली आणि वरच्या घरात मशीन सुरू झालं. लाद्या फोडायचं काम त्याच दिवशी निघालं होतं. मांडणीतली ताटं थरथरायला लागली. पडद्यातून तिचा आवाज येत होता, "सॉरी सर... सॉरी सर..." नुसतं तेवढंच.

मी पाटावर बसूनच होते. बाहेर जायचं दार तिच्या पाठीमागे, चादरीच्या आत. गेले तर दिसणार. बसले तर एक तारखेला दुकान.

मी बांगड्या घट्ट धरल्या आणि भिंतीच्या कडेनं, जमिनीवर बसून सरकत गेले. तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि बोलणं चालू ठेवलं. चादरीखालून मी दाराशी पोचले. पण आमचं दार आत उघडतं. उघडलं तशी सगळी चादर फुगली. पंखा तर बंद होता, वारा म्हणायलाही सोय नाही. मी कशीबशी बाहेर पडले, मागे दार ओढलं तर लॅच लागला. पायात चप्पल नाही, आणि आता बेलही वाजवता येणार नव्हती.

वरच्या घराचं दार उघडंच होतं, आत मिस्त्री तोंडाला रुमाल बांधून काम करत होता. मला बघून मशीन थांबवलं. "क्या हुआ मौसी? पानी टपक रहा है क्या?"

मी मान हलवली. हिंदी वाक्य जुळेना. या बिल्डिंगमध्ये इतकी वर्षं राहून मी भाजीवाल्याशीसुद्धा बोट दाखवून बोलते. त्यानं मशीन परत चालू केलं. मग मी जाऊन, जी लादी तो फोडत होता, तिच्यावरच बसले.

"अरे मौसी! पैर कटेगा, उठो!"

"नीचे... बेटी का इंटरव्यू है."

"तो बोलने का ना! मैं समझा, दिमाग का कुछ है." त्यानं हसत रुमाल खाली केला. "ठीक है, तब तक सिमेंट का मसाला बनाता हूँ. सेठ आया तो आप समझाना."

मी मान डोलावली. जिन्यात पावलं वाजली की मी दाराकडे बघायची. त्याचा शेठ, म्हणजे त्या घराचा मालक, आला नाही. खाली जाता येत नव्हतं, म्हणून मी त्या धुळीत तशीच बसून राहिले.

शेवटी मुलगीच शोधत वर आली. "आई, इथे काय करतेस? चल." जिन्यात म्हणाली, "चादर हलली तेव्हा विचारलं त्यांनी, मागे कोण आहे."

"मग?"

"म्हटलं, माझी आई आहे. वरचं मशीन बंद करायला गेली."

"मग?"

"ओके म्हणाले. पुढचा प्रश्न विचारला."

संध्याकाळी मेल आला. पुढचा राउंड गुरुवारी, घरूनच.

हे आले ते चादरीत डोकं अडकवूनच. "अजून हा तंबू उतरवला नाही?" मुलीनं मेल दाखवला. ह्यांनी तो वाचला. मग दुकानवाल्या शेठला फोन लावला आणि म्हणाले, "सेठजी, लड़की का थोड़ा रुक के बताता हूँ."

चादर उतरवली नाही. मिस्त्री म्हणाला होता, काम अजून पंधरा दिवस चालेल. म्हणजे गुरुवारी मशीन सुरू व्हायच्या आधी मला वर जायचं आहे, आणि या वेळी आधीच बोलायचं आहे, तेही बहुतेक वरच्या घराच्या शेठशी. भाजी निवडताना मी ते हिंदी वाक्य मनात म्हणून बघते. वाक्य लहानच आहे. पण अर्ध्यावर आलं की माझाच श्वास अडकतो, आणि मी परत पहिल्यापासून सुरू करते.