हिंमतरावांनी स्वतःला दिलेली शिक्षा

हिंमतराव सरपंच झाल्यापासून गावाला पाण्याचा टँकर मागवावा लागला नाही, हे त्यांचे वैरीही कबूल करायचे. कळंबच्या कचेरीत चपला झिजवून त्यांनी नळयोजना आणली आणि स्वतःच्या घरी नळ घेतला तो सगळ्यांत शेवटी. माणूस बावनकशी. पण एकदा डोक्यात राख घातली, की समोरच्याचं बोलणं कानात शिरायचं नाही. सोमलिंगाला हे चांगलं ठाऊक होतं. नळाला पाणी सोडायचं काम त्याचं, आणि बोलणीही तोच खायचा.

गेल्या श्रावणात जुलाब-उलट्यांनी गावाला धरलं. चौथ्या दिवशी चांगुणाबाई गेली. रोजानं भांगलणीला जाऊन नातीला, श्रावस्तीला, वाढवणारी म्हातारी.

ग्रामसभेत हिंमतराव उठले. "ज्याच्या चुकीनं ही बाई गेली, त्यानं ह्या गावात ऱ्हायचं न्हाय. माझ्या पोटचा असला तरी!"

सगळ्यांच्या नजरा सोमलिंगाकडे वळल्या.

"टाकीत पावडर टाकली व्हती का?"

"टाकली, सरपंच. पण त्या गटाराचं जरा ऐका..."

"गप बस!" म्हणत त्यांनी भर सभेत टाकीच्या चाव्या काढून घेतल्या.

आठ दिवस सोमलिंगाच्या घराकडं कुणी फिरकलं नाही. बायको अयोध्या दळण घेऊन गेली, तर गिरणीतल्या बाया बोलायच्या थांबल्या. त्या आठ दिवसांत त्यानं एकच वाक्य मनात घोटून ठेवलं होतं.

हिंमतराव मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. घाण कुठून शिरते ते शोधायला त्यांनी पाइपाची वाट खांदायला घेतली. कळंबहून आलेले पाणीखात्याचे साहेब म्हणाले, आता पुरे. हे म्हणाले, "सापडंस्तवर खांदा." पाइपाची वाट दाखवायला सोमलिंगालाच बोलावलं. तिसऱ्या दिवशी नव्या गटाराखाली पाइप फुटलेला सापडला. जेसीबीच्या दाताची खूण स्पष्ट दिसत होती. नळ बंद झाला, की गटाराची घाण त्या भेगेतून आत शिरत होती.

चैत्रात ते गटार हिंमतरावांनीच उभं राहून खांदून घेतलं होतं. "हितनं पाइप गेलाय, दोन हात सरकून घ्या," असं सोमलिंग म्हणाला होता. "मला शिकवू नगं," म्हणून त्यांनी त्याला दहा माणसांत झिडकारलं होतं.

आता सोमलिंगानं त्यांच्याकडे पाहिलं. तोंडावरचं रक्त पार उतरलं होतं. 'तुमच्या हट्टापायी बाई गेली' हे घोटलेलं वाक्य ओठांवर येईना.

"पाइप जुनाच व्हता, सरपंच," तो म्हणाला.

"खोटं बोलू नगं. तू सांगितलं व्हतं. म्या ऐकलं न्हाय." त्यांनी सगळ्यांदेखत चाव्या त्याच्या हातात ठेवल्या.

हिंमतरावांनी सरपंचपदाचा राजीनामा दिला. पोलिसांकडे गेले, त्यांनी जबाब लिहून घेतला आणि घरी पाठवलं. पण ते घरी गेलेच नाहीत, गावाबाहेर मळ्यातल्या पत्र्याच्या शेडात राहायला गेले. बायकोनं, कमलबाईंनी, पदर पसरला, तरी हलले नाहीत.

चांगुणाबाईचा भाचा व्यंकट मळ्यात गेला. म्हणाला, "आबा, तुमी हितं कुढत बसल्यानं मावशी माघारी येनार हाय का? त्यापरीस श्रावस्तीच्या शिक्षणाचं बघा." हिंमतरावांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मुलाला धाराशिवला पाठवून तिचं वसतिगृहाचं बघायला लावलं. स्वतः मात्र शेडातच.

दिवाळी झाल्यावर सोमलिंग गेला. हिंमतरावांची दाढी वाढलेली, गालफडं बसलेली.

"घरी चला, सरपंच."

"भर सभेत शब्द दिलाय म्या."

सोमलिंगाला राहवलं नाही. "ह्याच हट्टापायी बाई गेली. तवाबी ऐकलं न्हाय, आताबी ऐकत न्हाय तुमी."

हिंमतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं.

"व्हय," ते म्हणाले. पण बाजेवरून उठले नाहीत.

बोलून टाकल्यावर मोकळं वाटेल, असं सोमलिंगाला वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यानं कोपऱ्यातली रिकामी घागर विसळली, विहिरीवरून भरून आणली आणि दिवस कलेस्तोवर त्यांच्याजवळ नुसता बसून राहिला.