तेल पेट्रोलमध्येच टाकायचं होतं

आज सकाळी आठ वाजता आजोबांची साठ सालातली स्पोर्ट्स मोटारसायकल घेऊन शहाद्याहून निघालो. त्यांच्यामागे मामांनीच ती जपली आहे. प्रकाशाला रिकामी टाकी भरली. तापीचा पूल ओलांडून थोडं पुढे गेलो आणि इंजिन एकदम जाम झालं.

मामांना फोन केला.

"पेट्रोलमा तेल टाकं का?"

"तेल इंजिनमा शे ना, मामा."

"ते तुन्ही गाडीमा, भाचा! टू-स्ट्रोकले पेट्रोलमाच तेल टाकनं पडस. आते किक मारू नको!"

माझी गाडी फोर-स्ट्रोक. तिचं तेल इंजिनात वेगळं असतं. मला तीच सवय.

मामा टेम्पो घेऊन आलेत. इंजिन पार थंड झालंय, तरी ते किकवर पाय ठेवत नाहीत. त्यांना विचारायचा धीर होत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो: असं जाम झालेलं इंजिन पुन्हा सुटतं का?