दुपारी मोजलेलं अंतर

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. लोक म्हणाले, नशीब तिचं. पण नशिबाच्या हातात त्या वर्षी नकाशा नव्हता. माझ्या हातात होता.

मी तेव्हा औषधांच्या एका घाऊक वितरकाकडे नोकरीला होतो. पेठांमध्ये आमची तीन लहान गोदामं होती. ती बंद करून मालकांना एकच मोठं गोदाम काढायचं होतं. कुठून कुठल्या दवाखान्यात किती वेळात औषध पोचतं हे मोजून जागा सुचवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. ऑफिसची स्कूटर दिवसभर विक्रीच्या माणसाकडे असे. जेवणानंतर एक ते चार तेवढी मोकळी मिळे. म्हणून महिनाभर मी एक ते चारच हिंडलो. सगळं पुणं वामकुक्षी घेत असताना कर्वेनगरला बघितलेल्या जागेपासून नारायण पेठ चौदा मिनिटांत गाठली आणि तसं वहीत लिहिलं.

नारायण पेठेतल्या गोदामाचे स्टोअरकीपर निवृत्तीला आले होते. त्यांना मी वही दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो, दुपारी दोनला या शहरात रस्त्यावर तुम्ही आणि कुत्री. आजारी माणसांना तशी सूचना दिलीत का?"

शिवाय ते म्हणाले, इथले दवाखाने फ्रीजमधली महाग इंजेक्शनं एखाददुसरीच ठेवतात. लागली की दोन मिनिटांत आपल्याकडून नेतात. मला वाटलं, म्हातारा आपली खुर्ची वाचवतोय. संध्याकाळी एकदा फिरून बघायला माझं काय जात होतं? नाही फिरलो. कर्वेनगरची जागा पक्की झाली, पेठांमधली तिन्ही गोदामं बंद झाली आणि मालकांनी पाठ थोपटली.

चार महिन्यांनी बहीण बाळंतपणाला माहेरी आली. आमचं घर नारायण पेठेत, प्रसूतिगृह पलीकडच्याच गल्लीत. मुलगी झाली. मी कर्वेनगरला कामावर होतो, तेव्हा डॉक्टरांचा फोन आला: रक्तस्राव थांबत नाही, जवळचं इंजेक्शन देऊन झालंय, आणखी घेऊन या. मी म्हणालो, "पंधरा मिनिटांत आलोच."

बर्फाचा डबा घेऊन निघालो तेव्हा सव्वासहा झाले होते. सणवार नव्हता, मिरवणूक नव्हती. साधा मंगळवार, ऑफिसं सुटलेली. नळस्टॉपला अडकलो, लकडी पुलावर पुन्हा अडकलो. हॉर्न दाबून दाबून अंगठा दुखायला लागला. शेजारच्या स्कूटरवाल्यानं विचारलं, विमान पकडायचंय का. प्रसूतिगृहाच्या पायऱ्या चढलो तेव्हा सात वाजून गेले होते. डॉक्टरांनी डबा हातात घेतला नाही. आई कोपऱ्यात बाळाला छातीशी धरून बसली होती.

मेहुणे नाशिकहून पहाटे आले. माझ्या गळ्यात पडून म्हणाले, "दादा, तुम्ही जिवाचं रान केलंत." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत राहिले आणि मी मान खाली घालून ऐकत राहिलो. स्टोअरकीपरही आले. त्यांना सगळं माहीत होतं. पाणी प्यायले, आईशी दोन शब्द बोलले आणि निघाले. त्यांनी एक टोमणा मारला असता तरी मला रडता आलं असतं.

भाची नाशिकलाच वाढली. दर भाऊबीजेला ती येते आणि आपल्या आईच्या जागी मला ओवाळते. यंदा तिला सांगायचंच, असं मी दरवर्षी ठरवतो, आणि ती वाकून नमस्कार करते तेव्हा तोंडातून आशीर्वादाशिवाय काही निघत नाही.

या भाऊबीजेला ती नवऱ्याबरोबर आली. पाचवा महिना लागलाय. ताट खाली ठेवून म्हणाली, "मामा, बाळंतपणाला मी तुझ्याकडेच येणार. माझं माहेर हेच. आणि वेळ आली तर तुझ्याइतकं माझ्यासाठी कोण धावेल?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ये म्हणालो.